हिमनदी गेली, खुणा राहिल्या: वेल्समधली कूम इडवल दरी पायी कशी वाचावी

शाळेत मेषशिलेवर, म्हणजे हिमनदीने घासलेल्या खडकावर, टीप लिहून दोन गुण मिळवलेले आपण हजारो जण असू. हिमगव्हर, लोंबती दरी, शुककूट, पार्श्व हिमोढ: शब्द पाठ, आकृती पाठ, आणि प्रत्यक्ष वस्तू जन्मात पाहिलेली नाही. यात आपला दोष नाही. सह्याद्रीत या वस्तू नाहीतच. आपले घाट, कडे आणि दऱ्या पावसाने आणि नद्यांनी कापलेल्या आहेत, आणि लहानपणापासून डोंगर म्हटलं की आपला डोळा पाण्याचीच करणी शोधतो.

माझी मेषशिलेशी पहिली भेट उत्तर वेल्समध्ये झाली, तीही उशिरा. एका गुळगुळीत पाठीच्या खडकावर बसून पोळीची सुरळी खाल्ली, चहा प्यायलो, उठताना मागच्या बाजूने उतरायला गेलो तर तिथे सगळं खडबडीत, पायऱ्या तुटल्यासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की अर्धा तास आपण दोन गुणांवर बसलो होतो.

ती दरी कूम इडवल. एररी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे ज्याला आपण अजून स्नोडोनिया म्हणतो तिथे. मँचेस्टर किंवा लिव्हरपूलहून गाडीने दोन तासांच्या आसपास. चालणं फार नाही. तळ्याला पूर्ण फेरी घालून परत यायला साधारण पाच किलोमीटर होतात. पण एवढ्या छोट्या जागेत हिमनदीच्या इतक्या खुणा एकत्र पाहायला मिळणं दुर्मीळ आहे, म्हणून पहिल्यांदा शिकायला ही जागा मी कुणालाही सुचवतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे उन्हाळ्यात येणाऱ्या मराठी माणसांनी एक दिवस काढावा.

एक पद्धत आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. मोठ्या गोष्टीकडून छोटीकडे जायचं, आणि प्रत्येक खुणेला दोन प्रश्न विचारायचे: हे नुसत्या पाण्याने झालं असतं का? नुसत्या थंडीने, दगड फुटून झालं असतं का? दोन्हींचं उत्तर ठाम "नाही" आलं, तरच हिमनदीचं नाव घ्यायचं.

निघण्याआधी: बर्फ काम कसं करतो

हिम साचत जातं, स्वतःच्या ओझ्याखाली दाबलं जातं, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. त्याची जाडी तीसेक मीटरच्या पुढे गेली की तळाचा बर्फ आकार बदलत, सरकत उताराने वाहू लागतो. हीच हिमनदी.

आता बर्फ खडकापेक्षा मऊ. तो खडक झिजवणार कसा? राखेने भांडी घासलेली आठवा. हात फक्त दाब देतो, काम राख करते. हिमनदीच्या तळाशी गोठून अडकलेले दगड आणि खडकाचं पीठ ही ती राख. दगड ओरखडे काढतात, पीठ झिलई करतं. हे झालं घासणं. दुसरं काम उपटण्याचं. खडकाच्या फटीत पाणी शिरतं, पुन्हा गोठतं, बर्फाला चिकटतं, आणि बर्फ पुढे सरकताना तो तुकडा सोबत खेचून नेतो. घासणं आणि उपटणं ही दोन कामं लक्षात ठेवा. दिवसभर ती सोबत राहतील.

काळही थोडा डोक्यात हवा. शेवटच्या हिमयुगाचा ऐन भर सुमारे २६,००० ते २०,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा वेल्सवर बर्फाची टोपी होती, आणि आज आपण गाडी लावतो तिथे शेकडो मीटर जाडीचा बर्फ होता. मग हवा तापली, बर्फ गेला. पण सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी थंडी अचानक परतली आणि हजार-बाराशे वर्षं टिकली. त्या काळात फक्त उंचावरच्या खळग्यांत छोट्या हिमनद्या पुन्हा तयार झाल्या. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी त्याही संपल्या. मी यांना मोठा हात आणि छोटा हात म्हणतो. दरी कोरली मोठ्या हाताने, हिमयुगं येत-जात असताना पुन्हापुन्हा. शेवटची सारवासारव छोट्या हाताची.

पायरी १: घरी, टेबलावर नकाशा पसरून

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा ओएल १७ क्रमांकाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, प्रमाण १:२५,०००. फोनवरचा नकाशा वाट दाखवायला ठीक, पण दरीचा आकार समजायला कागदच लागतो.

पहिल्यांदा ओग्वेन तळं शोधा. त्याच्या पश्चिम टोकापासून उत्तरेकडे बेथेस्डा गावाच्या दिशेने जी दरी जाते ती नांत फ्रँकन. तिच्या आडव्या छेदावर पट्टी ठेवा आणि समोच्चरेषा बघा. दोन्ही बाजूंना रेषा एकमेकींना चिकटलेल्या, आणि मधे रुंद पट्ट्यात एकही रेषा नाही. म्हणजे भिंती उभ्या, तळ सपाट. आता सावित्री किंवा कोयनेच्या वरच्या खोऱ्याचा नकाशा आठवा, किंवा उघडाच: रेषा नदीपर्यंत टोकदार होत जातात, सपाट तळ जवळजवळ नसतो. नदी तळाशी बारीक रेघ कापते. हिमनदी भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळी दरी भरून वाहते, त्यामुळे ती रेघ कापत नाही, घमेलं कोरते.

मग पेन्सिल घ्या आणि नांत फ्रँकनच्या पश्चिमेकडच्या डोंगररांगेत आरामखुर्चीसारखे खळगे मोजा: मागे अर्धवर्तुळाकार कडा, पुढे मोकळं तोंड. नकाशावर त्यांच्या नावाआधी बहुतेक ठिकाणी "कूम" लिहिलेलं सापडेल. एकापाठोपाठ एक आहेत. प्रत्येकातून एक बाण काढा, तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेने. बाण बहुतेक पूर्वेकडे आणि ईशान्येकडे जातील. समोरच्या, म्हणजे पेन अर ओले वेन डोंगराच्या पश्चिम उतारावर असे खळगे जवळजवळ नाहीत.

हा योगायोग नव्हे. या अक्षांशावर ईशान्य उतारावर ऊन कमी पडतं, आणि इथला वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. तो माथ्यावरचं हिम उडवून पलीकडच्या सावलीत नेऊन टाकतो. तिथे ते साठतं, टिकतं, बर्फ होतो. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो तेव्हा भिजते ती वाऱ्याकडची बाजू. इथे हिमनदी वाढली ती आडोशाच्या बाजूला. बाण काढल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही, म्हणून हा खेळ टाळू नका.

उच्चारांबद्दल थोडं. "कूम" म्हणजे असा डोंगरातला खळगा. हा वेल्श शब्द इंग्रजी भूगोलातही हिमगव्हरासाठी चालतो. "लिन" म्हणजे तळं (वेल्श माणूस तिथे जिभेच्या कडेने हवा सोडतो, ते आपल्याला लवकर जमत नाही). "नांत" म्हणजे ओढा किंवा ओढ्याची दरी, "अवॉन" म्हणजे नदी.

पायरी २: केव्हा जावं, काय न्यावं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी लावायला जागा मिळणं कठीण, आणि हिवाळ्यात दिवस लहान. शिवाय कड्यांची सावली दरीतून हलत नाही. सकाळी लवकर पोहोचा. तिरप्या उन्हात खडकावरचे ओरखडे उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात तेच खडक कोरे वाटतात.

होकायंत्र, वही, पेन्सिल आणि साध्या पाण्याची एक जादा बाटली घ्या. ती प्यायला नाही. का ते पुढे कळेल. हातोडा नेऊ नका. कूम इडवल हे वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, १९५४ पासूनचं. दगड फोडणं आणि झाडं उपटणं दोन्ही इथे चालत नाही. पावसाचं जाकीट जूनमध्येही हवं, आणि बूट घोट्यापर्यंतचे. काही अडचण आलीच तर ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागायचं. हे ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं.

पायरी ३: चढायच्या आधी खाली बघा

ओग्वेन तळ्याच्या टोकाशी असलेल्या ओग्वेन केंद्रापाशी उतरलं की सगळे तडक वरच्या इडवल तळ्याची वाट धरतात. तुम्ही आधी रस्त्यावरच्या पुलाकडे जा, जिथे ओग्वेन तळ्याचं पाणी धबधब्याने खाली उडी घेतं. तिथून उत्तरेला नांत फ्रँकन पूर्ण दिसते. नकाशावर रेषांमध्ये पाहिलेलं घमेलं आता समोर आहे.

इथे तीन गोष्टी पाहायच्या.

तुम्ही उभे आहात ती पायरी. ओग्वेन तळं सुमारे ३१० मीटर उंचीवर, आणि धबधब्याखालचा तळ त्याहून जवळजवळ शंभर मीटर खाली. नदीला असा एकदम टप्पा सहसा मानवत नाही, ती तो कापून उतार समान करत जाते. हिमनदीचं तसं नाही. जिथे बर्फ जाड झाला, किंवा खडक फटींनी खिळखिळा असला, तिथे ती खोल उतरते. टणक पट्टा आला की तो तसाच ठेवते. गंमत म्हणजे ओग्वेन तळं एवढं लांबरुंद दिसत असूनही त्याची खोली कमाल तीनेक मीटर.

दुसरं, दरीचा तळ. भिंती सरळ खाली येतात आणि एकाएकी सपाटी लागते, तिच्यावरून नदी आळसावून वळणं घेत जाते. ही नदी ही दरी कोरू शकेल का, हा प्रश्न तिच्याकडे बघूनच विचारा. अंगापेक्षा फार मोठा सदरा घातलेल्या पोरासारखी ती दिसते. पण सावध: ही सपाटीसुद्धा बर्फाने केलेली नाही. बर्फाने खोल, गोलसर बूड कोरलं. बर्फ गेल्यावर त्यात पाणी साठलं, तळं झालं, आणि ते गाळाने भरत आलं. तुम्ही बघताय तो भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग. खरं कोरलेलं बूड त्या कुरणांखाली पुरलेलं आहे.

तिसरं, डाव्या हाताची भिंत. घरी बाण काढलेले ते खळगे आता अर्ध्या उंचीवर लटकताना दिसतील, आणि त्यांतून उतरणारे ओढे तळापर्यंत सरळ न येता घसरत, उड्या मारत येताना. मुख्य दरीतली मोठी हिमनदी खोल गेली, बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढं जमलं नाही. बर्फ वितळला तेव्हा त्यांची दारं अधांतरी राहिली. लोंबती दरी ती हीच. आपल्या घाटातले पावसाळी धबधबेही कड्यावरून उडी मारतात, पण तिथे मागे खळगा नसतो आणि समोर घमेल्यासारखी दरी नसते. एकटा धबधबा काहीच सिद्ध करत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

पायरी ४: खडकावर हात फिरवा

आता वाट धरा. फरशा बसवलेली आहे, ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून जाते आणि पुढे उजवीकडे वळून तळ्याकडे चढते. एरवी वीस-पंचवीस मिनिटं. तुम्हाला तासभर लागू द्या. या वाटेवर आणि तळ्याच्या तोंडाशी गवतातून वर आलेले उघडे खडक आहेत. माझ्या मते सगळ्या दरीतला सगळ्यात शिकवणारा भाग हाच.

एखादा गोलसर पाठीचा खडक, म्हणजे मेषशिला, निवडा आणि त्याला पूर्ण प्रदक्षिणा घाला. एक बाजू लांबट, मंद चढाची, घासून गुळगुळीत; दुसरी आखूड, उभी, तुटक्या पायऱ्यांची. गुळगुळीत बाजूने बर्फ चढला, तिथे दाब जास्त, म्हणून घासणं. माथा ओलांडल्यावर दाब कमी झाला, पाणी फटींत गोठलं, म्हणून उपटणं. म्हणजे गुळगुळीत बाजूकडून खडबडीत बाजूकडे: बर्फाच्या वाटचालीचा बाण तयार. होकायंत्राने दिशा मोजा, वहीत लिहा, आणि पुढच्या खडकावर तेच करा. चार-पाच खडकांचे बाण साधारण एका दिशेने आले तर तुम्ही योग्य वाचताय. एकच खडक उलटा आला तर तो बहुधा वरून पडलेला सुटा दगड असतो. आधी तो जमिनीत रुजलेला आहे का ते पाहायला हवं होतं. ही चूक मी दोनदा केली आहे.

मग ओरखडे. जादा बाटलीतलं पाणी गुळगुळीत बाजूवर ओता आणि डोळे खडकाच्या पातळीत आणून उन्हाच्या दिशेने बघा. नशीब असेल तर बारीक, सरळ, समांतर रेषा चमकतील. इथे फसायला भरपूर जागा आहे. खडकाच्या थरांच्या रेषाही समांतर असतात, पण त्या खडकाच्या आत उतरतात; कडेला जाऊन पाहिलं की तीच रेषा बाजूच्या पृष्ठभागावरही दिसते. ओरखडा फक्त कातडीवर असतो. गारेच्या पांढऱ्या शिरा रंगाने वेगळ्या आणि बोटाला बहुधा उंच लागतात. वाटेवरच्या खडकांवर गिर्यारोहकांच्या खिळ्यांच्या बुटांचेही ओरखडे आहेत. ते आखूड, ताजे, फिकट आणि चहूदिशांना, आणि नेमके पाय पडेल तिथेच. हिमनदीचा ओरखडा पाय कुठे पडेल याचा विचार करत नाही. मेषशिलेवरून काढलेला बाण आणि ओरखड्याची दिशा जुळली की दुसरा पुरावा हाती आला.

नुसत्या पाण्याने हे झालं असतं का? निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेत ना? पाण्यानेही खडक आरशासारखा होतो. पण पाणी गोल फिरतं, वळणं घेतं, खळगे करतं. सरळ समांतर रेषा ओढत नाही, आणि एका बाजूला झिलई करून दुसरी बाजू उपटत नाही.

महाराष्ट्रातही असे ओरखडे आहेत, हे कळलं तेव्हा मला खुर्चीत सरळ बसावं लागलं होतं. चंद्रपूरजवळच्या इरई गावापाशी तालचेर गोटेरी थर नावाच्या जुन्या दगडगोट्यांच्या थराखालच्या चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे असल्याची नोंद भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने एकोणिसाव्या शतकातच केली होती. ते मात्र इडवलच्या हिमयुगाचे नव्हेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आपला भूभाग गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग म्हणून दक्षिण ध्रुवाजवळ होता तेव्हाचे.

पायरी ५: तळ्याच्या काठी, आणि डार्विन काय चुकला

फाटक ओलांडलं की लिन इडवल समोर. मागे अर्धवर्तुळात कडे, उजवीकडे ९४७ मीटरचा अ गार्न, डावीकडे वर ग्लिडर वाउर. हे हिमगव्हर. खुर्चीच्या मागच्या कड्याशी बर्फ सगळ्यात जाड होता. तो खाली आणि पुढे, जणू बसल्या जागी गोल कलत सरकला, म्हणून बूड खोल कोरलं गेलं आणि पुढे तोंडाशी खडकाचा उंबरा शिल्लक राहिला. त्या उंबऱ्यामुळेच तळं टिकलं. पायरी ४ मधले तुमचे बाण याच तोंडातून बाहेर पडताना दिसतील. या तळ्यावरून पक्षी उडत नाही अशी दंतकथा आहे. मी बदकं मोजली आहेत.

ऑगस्ट १८३१ मध्ये बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन आपले भूविज्ञानाचे गुरू ॲडम सेजविक यांच्याबरोबर इथे आला. दोघांनी तासन्‌तास खडक तपासले. सेजविकना जीवाश्म हवे होते. इथले खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले आणि ज्वालामुखींचे आहेत, तेव्हा शिंपल्यांचा शोध रास्तच होता. पण घासलेले खडक, उंचावर टेकलेल्या शिळा, हिमोढांचे, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे, उंचवटे यांतलं काहीही दोघांना दिसलं नाही. हे डार्विनने पुढे आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवलं. महिना संपायच्या आत घरी परतल्यावर त्याच्या हातात बीगल जहाजावरच्या जागेबद्दलचं पत्र पडलं.

हिमनद्या एकेकाळी सर्वदूर पसरल्या होत्या ही कल्पना तेव्हा ब्रिटनमध्ये पोहोचलीच नव्हती. १८४० मध्ये स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी स्कॉटलंडमध्ये हिंडले, त्यानंतर विल्यम बकलंड यांनी उत्तर वेल्समध्ये त्याच खुणा शोधल्या, आणि ते वाचून जून १८४२ मध्ये डार्विन पुन्हा इडवलला आला. यावेळी सगळं दिसलं. त्याने लिहिलं की आगीत जळालेलं घरही आपली कहाणी इतक्या स्पष्टपणे सांगत नाही. तेच खडक, तेच डोळे. मधल्या अकरा वर्षांत बदलला होता तो मनातला प्रश्न.

म्हणून इथे दहा मिनिटं बसा आणि अमुक शोधायचं असं न ठरवता जे दिसतं ते वहीत काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल.

पायरी ६: पश्चिम काठावरची उंचवट्यांची रांग

तळ्याच्या डाव्या, म्हणजे पूर्व काठाने जा. वाटेत इडवल स्लॅब्स नावाचे तिरपे प्रचंड खडकपट्टे लागतील; दोरावर माणसं लटकलेली असतातच. पुढे वाट चढते, दगडांतून जाते आणि पश्चिम काठाने खाली येते. उतरताना थांबून खाली पाहा: गवताने झाकलेले, एकमेकांना साधारण समांतर असे बुटके उंचवटे. वाट त्यांच्या पाठीवरूनच जाते.

हे हिमोढ. पावसाने कुठे माती उघडी पडली असेल तर जवळून बघा. बारीक पिठापासून डोक्याएवढ्या दगडापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं, ना थर, ना निवड. वाहतं पाणी नेहमी निवडून टाकतं: जड आधी, हलकं नंतर. पाखडलेलं धान्य आणि ओतलेला कचरा यांत जो फरक, तोच नदीच्या गाळात आणि हिमोढात. दगडांच्या कडा थोड्या बोथट झालेल्या, पण नदीतल्या गोट्यांसारखे ते गुळगुळीत गोल नसतात.

हे काम छोट्या हाताचं, सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या त्या परतलेल्या थंडीतलं. कसं ओळखायचं? ते ताजे आहेत, तीक्ष्ण आकाराचे आहेत, आणि मोठ्या हाताच्या कोरीव बुडाच्या आत बसलेले आहेत. मोठा बर्फ नंतर आला असता तर त्याने हे उंचवटे पुसून टाकले असते. आधी कोण, नंतर कोण हे ठरवण्याची ही सोपी युक्ती: नाजूक गोष्ट शिल्लक आहे, म्हणजे तिच्यानंतर दांडगा कुणी आला नाही.

उंचवट्यांच्या आसपास एकेकट्या मोठ्या शिळा दिसतील. प्रत्येक शिळा हिमनदीची नव्हे. वर पाहा; कड्यापासून सरळ घरंगळत ती इथवर येऊ शकेल का? येऊ शकत असेल तर ती दरड. मधे उंचवटा किंवा खोलगट भाग असूनही ती पलीकडे बसली असेल, किंवा घासलेल्या उघड्या खडकावर अलगद ठेवल्यासारखी असेल, तर तिला कुणीतरी उचलून आणलं. डार्विनने १८४२ मध्ये नेमके असेच तर्क करत शिळा तपासल्या.

आणि त्याच दौऱ्यात तो पुन्हा चुकला. इथून पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला मोइल ट्रवान नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्याजवळ सुमारे ४०० मीटर उंचीवर वाळू-गोट्यांत समुद्री शिंपले सापडतात. जोशुआ ट्रिमर यांनी ते १८३१ मध्येच नोंदवले होते. डार्विनला वाटलं की जमीन समुद्रात बुडाली होती आणि वर हिमखंड तरंगत होते. प्रत्यक्षात आयरिश समुद्रातून आलेल्या बर्फाने समुद्रतळ खरवडून टेकडीवर नेऊन टाकला होता. एका दरीत हिमनदी दिसलेल्या माणसाला बारा-पंधरा किलोमीटरवर बर्फाचंच काम दिसलं नाही. आपल्या चुकांबद्दल फार वाईट वाटून घेऊ नये.

पायरी ७: तुल्ल डी, म्हणजे बर्फाने न केलेल्या गोष्टी

मागच्या कड्यातली काळी उभी फट म्हणजे तुल्ल डी, वेल्शमध्ये काळं भोक. इंग्रजीत तिला सैतानाचं स्वयंपाकघर म्हणतात, कारण ढग चढले की तिथून धूर निघाल्यासारखं दिसतं. पश्चिम काठाने उतरण्याआधीच, वाट फटीच्या खालून वळते तिथपर्यंत जा. निसरड्या दगडांतून आणखी वर जायची या कामासाठी गरज नाही.

कड्यातले थर पाहा. ते दोन्ही बाजूंनी खाली वाकून मधे जुळतात, बशीसारखे. दरीही बशी, थरही बशी, म्हणून नवखा माणूस लगेच म्हणतो की बर्फाच्या वजनाने खडक वाकले. साफ चूक. ही घडी कोट्यवधी वर्षांपूर्वी डोंगर उभे राहताना पडली. बर्फाने फार तर घडीच्या कमकुवत मध्याचा फायदा घेतला.

कड्याखाली पसरलेला सुट्या दगडांचा उतारही हिमनदीचा नव्हे. फटीत पाणी, रात्री गोठणं, दिवसा सुटणं, तुकडा खाली. हा उद्योग बर्फ गेल्यानंतरचा आणि थोडाफार आजही चालू. हे दगड धारदार असतात, हिमोढातल्यासारखे बोथट नाहीत. दोन्हीकडचा एकेक दगड हातात घेऊन बघा आणि जागच्या जागी ठेवा.

फटीच्या आसपास, जिथे मेंढीचं तोंड पोहोचत नाही अशा ओल्या खाचांत, उत्तर ध्रुवाकडची आणि उंच पर्वतांवरची फुलझाडं टिकून आहेत. जांभळा सॅक्सिफ्रेज मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. पांढरी, नाजूक स्नोडन लिली मे अखेर ते जूनमध्ये, ब्रिटनमध्ये फक्त याच डोंगरांत. थंडी गेली, उतारांवर जंगल चढलं, आणि ही झाडं कड्यावरच्या सावलीत अडकून राहिली. दुर्बिणीतून पाहा; वर चढू नका.

परतताना

पश्चिम काठाने उतरून तळ्याच्या तोंडाशी आलात की वही उघडा आणि दिसलेल्या गोष्टी काळाच्या क्रमाने लावा: समुद्रात साचलेले थर, त्यांची घडी, मोठ्या हाताचं कोरणं, झिलई आणि ओरखडे, मग छोट्या हाताचे हिमोढ, मग दगडांचा उतार, मग खालच्या दरीतला गाळ. ज्या दोन गोष्टींचा क्रम ठरत नाही त्यांच्यामध्ये प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्हं राहिली तर दुसरी फेरी नांत फ्रँकनच्या पश्चिम बाजूच्या जुन्या रस्त्याने, खालून वर बघत करा. गाड्या कमी, आणि लोंबत्या दऱ्या थेट डोक्यावर.

पुढच्या सुट्टीत लानबेरिस खिंड घ्या. मेषशिला रस्त्याच्या कडेलाच आहेत, आणि वर क्रिब गॉखची धार म्हणजे दोन हिमगव्हरांनी दोन्हीकडून कोरत आणलेलं शुककूट. ती खालून पाहणंच शहाणपणाचं. हम्प्ता खिंडीतून चंद्रतालला जाणाऱ्यांनी ही वही सोबत न्यावी: छत्रूपासून बातलपर्यंत हीच सगळी मंडळी भेटतात, फक्त दसपट मोठी, आणि तिथे बडा शिग्री हिमनदी आजही काम करते आहे.

लानबेरिसला गेलात तर पाडार्न तळ्याच्या काठी थांबा. त्या पाण्यात तोरगोख नावाचा लाल पोटाचा मासा आहे, ध्रुवीय पाण्यातल्या 'चार' (char) नावाच्या माशाचा भाऊबंद. बर्फ वितळताना तो आत आला, आणि नंतर बाहेर गेलाच नाही.